भट्टीत पिकलेले फळ

रजेच्या अर्जात मी कारण लिहिले होते, 'वनस्पती, श्रम आणि सांस्कृतिक वारसा यांचा चित्रकलेच्या अंगाने अभ्यास'. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, एवढं कशाला? पोटदुखी लिहा. पोटदुखी लगेच मंजूर होते." मी पोटदुखी लिहिली. अशा रीतीने कोल्हापूरच्या एका शाळेतली चित्रकलेची शिक्षिका, वय बावन्न, प्रकृती ठणठणीत, पोटदुखीच्या रजेवर रंगांची पेटी घेऊन म्हापशाच्या एसटीत बसली.

गेली काही वर्षे मला एकच खूळ लागले आहे. मी झाडपाल्याची चित्रे काढते, पण तो खुडणाऱ्या, सोलणाऱ्या, बांधणाऱ्या हातांसकट. पुस्तकांतल्या चित्रांत फांदी कशी कागदावर आपोआप उगवल्यासारखी असते. कोणीतरी काटे टोचून घेत, ओरखडे खात ती रानातून आणलेली असते, त्याचा कुठे पत्ताच नाही. याचा मला मनापासून राग येतो. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळे, फुले, शेंगा बांधतात. तिला माटोळी म्हणतात. ती बांधणारे हात मला काढायचे होते.

प्रवासवर्णनात घाटाचे वर्णन यायलाच हवे, असे मानणाऱ्यांची मी क्षमा मागते. आंबोलीत धुके इतके दाट होते की मला फक्त समोरच्या सीटची पाठ दिसली. तिच्यावर कोणीतरी 'सुनील' असे कोरले होते. अक्षर चांगले होते.

म्हापशाला पोचले तो शुक्रवार होता, चतुर्थीच्या आधीचा. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला सगळा माटोळीचाच माल मांडलेला. लालभडक कवंडळे, सुपारीचे घोस, चिबूड, करांदे, डोक्याएवढी तोरिंजने (मोठी, जाड सालीची लिंबे), आणि नाव विचारावे तर विकणाऱ्यांमध्येच भांडण लागेल असल्या कितीतरी शेंगा. स्टँडजवळ उभ्याउभ्या पातळ भाजी आणि उंडो (गोल, कडक पाव) खाल्ला आणि एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. समोर साठीची एक बाई रानवेलींची जुडी बांधत होती. तिची बोटे पाहून मी पेन्सिल काढली.

"किदें बरयतात?" तिने विचारले. (काय लिहिताय?)

"लिहीत नाही, चित्र काढतेय. तुमच्या हातांचं."

"हातांचें कित्याक? तोंड बरें ना माजें?" (हातांचं कशाला? माझं तोंड चांगलं नाही?)

मी म्हटले, तोंड छानच आहे, पण काम हात करतात. हे तिला पटले नाही. शेजारणीला तर वेगळाच संशय आला. कागद, पेन्सिल आणि गळ्यात पिशवी असलेली बाई म्हणजे नगरपालिकेची माणूस, हद्दीबाहेर बसलेल्यांची नोंद करायला आलेली, असे तिने ठरवले आणि आपली टोपली गुपचूप हातभर मागे ओढली. तिचे पाहून पुढचीने ओढली. पाच मिनिटांत अख्खी रांग मागे सरकली. माझ्या समोरची बाई तेवढी जागची हलली नाही. उलट रिकाम्या झालेल्या जागेत तिने आपले करांदे पसरले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "टीचर, तुमी सदांच येयात." (तुम्ही रोजच येत जा.)

ही सुलूबाय. पेडण्याजवळच्या गावातली, मूळची डिचोलीकडची. मी टीचर आहे हे मी तिला सांगितले नव्हते. ते म्हणे चेहऱ्यावरून कळते. माल संपल्यावर ती मला आपल्या घरीच घेऊन गेली. मी आढेवेढे घेतले, पण ती शेवटच्या बसमध्ये चढलीही होती, आणि माझी पिशवी तिच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. गावामागच्या सड्यावर (माथ्यावरच्या सपाट कातळावर) पोचताच सुलूबायने मला छत्री उघडायला लावली. पाऊस नव्हता.

"सत्री सकल धरात," ती म्हणाली. "रस्तो पळोवं नाकात." (छत्री खाली धरा. रस्ता पाहू नका.)

माटोळीचा माल आणणाऱ्यांची ही रीत आहे. कोणती वेल कुठे आहे, कोणते झाड कधी धरते, हे ज्याचे त्याने राखायचे असते. सख्ख्या बहिणीलाही जागा सांगत नाहीत. मग परक्या टीचरला कोण दाखवणार? छत्री नाकासमोर धरून मी दोन तास चालले. मला दिसले ते फक्त सुलूबायचे पाय. भेगा पडलेल्या टाचा, एका अंगठ्याला चिंधी, आणि दगडावर पडताना जराही न डळमळणारे ते पाऊल. मग मी पायच काढले. मधे एकदा करवंदीच्या जाळीत आडवी झाले, तेव्हा सुलूबायने आधी छत्री सरळ केली आणि मग मला.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी एक कवंडळ रंगवले. सुलूबाय भाजी चिरता चिरता आली, वाकली आणि कागदावरचे फळ उचलायला तिने चक्क चिमूट केली. बोटे कागदावर घसरली. हात पदराला पुसून ती म्हणाली, "माज्या भावाक एक फळ करून देशात?"

मग तिने भावाची हकीकत सांगितली. विश्राम तिचा धाकटा भाऊ. कारापूरजवळच्या गावात त्यांचे वडिलोपार्जित घर आहे आणि गणपती त्या घरात बसतो. सगळे चवथीला तिथे जमतात. माटोळी बांधायचे काम विश्रामचे. त्या माटोळीत मधोमध, गणपतीच्या बरोबर डोक्यावर, एक फळ लागते. त्याला 'आज्याचें फळ' म्हणतात, कारण आज्याने ते पहिल्यांदा आणले. दुसरे नाव त्याला नाही. झाड एकच, आणि त्याची जागा बापाने फक्त विश्रामला दाखवलेली. पण गेली तीन वर्षे ते फळ आले नाही. झाड धरत नाही, असे विश्राम सांगतो. थोरला भाऊ म्हणजे दादा. तो म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने गेल्या वर्षी सगळ्यांसमोर जाहीर केले की पुढच्या चवथीला फळ दिसले नाही, तर त्यापुढे गणपती म्हापशाला बसेल. ज्याला एक फळ सांभाळता येत नाही, त्याला देव काय सांभाळता येणार?

"गणपती गेलो जाल्यार विश्राम घरांत रावचो ना," सुलूबाय म्हणाली. (गणपती गेला तर विश्राम त्या घरात राहणार नाही.) तिचे डोळे भरून आले होते.

मी बाणेदारपणे म्हणाले, "देवापुढे खोटं फळ? मला नाही जमायचं." सुलूबायने वाद घातला नाही. रात्री तिने मला खतखते (पुष्कळ भाज्यांचे गोडसर कालवण) वाढले, त्यावर खोबरे पेरले, आणि रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर कारापूरच्या बसमध्ये होते.

विश्राम पन्नाशीचा, खांदे रुंद, बोलणे कमी. पूर्वी खाणीवर टिपर चालवायचा, आता थोडी शेती आणि नारळ. त्याची बायको शालन मात्र बोलून त्याची भरपाई करायची. दादा सोमवारी संध्याकाळी येणार होता, म्हणजे आमच्याकडे दीड दिवस होता. मी कागद पुढ्यात घेतला आणि म्हटले, "सांगा, फळ कसं होतं?"

चोराचे वर्णन घेऊन चित्र काढणारे पोलिसखात्यातले चित्रकार कसे जगत असतील, ते मला त्या दुपारी समजले. सुलूबाय म्हणाली, तांबडे, नारळाएवढे. शालन म्हणाली, नारळाएवढे कुठले, मुठीएवढे, पिवळे, आणि अंगावर मऊ काटे. काटे नव्हतेच, असे सुलूबाय. होते, मी स्वतः खालून पाहिलेत, असे शालन. खालून काटे कसे दिसले? मग तुला वरून कसे दिसले? मी सात चित्रे काढली. सातव्याकडे पाहून शालन म्हणाली, "हो न्हय. पूण हाचो भाव दिसता." (हा नव्हे. पण ह्याचा भाऊ दिसतो.)

विश्राम इतका वेळ दाराशी उभा होता. मी लगदा भिजवलाच होता. जुनी वर्तमानपत्रे, खळ आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. तो पुढे आला, घमेल्यात हात घातला, ओंजळभर लगदा घेतला आणि डोळे मिटले. अंगठ्याने एका बाजूला खळगा पाडला, वरून चिमटा काढून देठ जरा डावीकडे वळवला, मग तळहातावर वजन पाहिले आणि चिमूटभर लगदा काढून टाकला. मिनिटभरात झाले.

"इतकें," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. ज्या फळाला तीन वर्षे हात लागला नाही, त्याचे वजन त्याच्या तळव्याला पाठ होते. मला तेव्हाच काहीतरी विचारायला हवे होते. पण मी लगद्याच्या काळजीत होते.

काळजी अशी की तो वाळेना. भाद्रपदातली हवा ती. उन्हात ठेवावे तर ऊन नाही, चुलीशी ठेवावे तर तडे जाणार. शेजारच्यांच्या फ्रिजच्या मागे ठेवून पाहिले, तर शेजारीण चौकशीला आली. सोमवारी सकाळी सायकलवर पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत आला, आणि शालनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारी आम्ही दोघी फडक्यात फळ गुंडाळून त्याच्या भट्टीवर हजर झालो. जुझे नावाचा हा गृहस्थ फळ हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिला.

"हें खावपाचें?" त्याने विचारले.

"ना," शालन म्हणाली.

"मागीर भाजपाचें कित्याक?" (मग भाजायचं कशाला?)

"शाळेचें आसा," मी म्हटले, कारण गोव्यात येऊन तीन दिवस झाले होते आणि मलाही खोटे बोलायला जमू लागले होते. जुझेने आणखी काही विचारले नाही. विस्तव ओढून भट्टी निवत आली होती, तिच्यात लांब फळीवरून त्याने आमचे फळ अलगद आत सारले. उंड्यांच्या शेवटच्या खेपेबरोबर ते तासभर आत राहिले. बाहेर आले ते खणखणीत वाळलेले, आणि ताज्या पावाचा वास घेऊन.

रंग देताना मी सगळ्यांची समजूत काढली. आकार विश्रामचा, तांबडा रंग सुलूबायचा (ती आपल्या घरच्या चवथीसाठी पेडण्याला परत गेली होती, पण जाताना बजावून गेली होती), आणि मऊ काटे शालनचे, कारण काट्यांवाचून ती ऐकायलाच तयार नव्हती. विश्रामने पाहिले आणि तो फक्त "जांव दी" म्हणाला. (असू दे.) संध्याकाळी त्याने माटोळी बांधली. केवणीच्या सालीच्या दोऱ्या दातांनी ओढून गाठी मारणारे ते हात मी काढत होते. मधोमध ते फळ चढले, आणि मला एकदम देवाची भीती वाटली. मी नास्तिक नाही, पण एरवी एवढी आस्तिकही नाही.

दादा आला. शुभ्र धोतर, बगलेत छत्री. खाणीच्या हपिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. चपला काढतानासुद्धा त्या सरळ रेषेत काढायचा. तो आत आला, मान वर केली आणि तसाच उभा राहिला.

"आयलें?" त्याने विचारले.

"आयलें," विश्राम म्हणाला, जमिनीकडे पाहत.

दादाने हात जोडले. गणपती अजून मखरात आलेलाही नव्हता; त्याने फळालाच हात जोडले होते. म्हणाला, "बापायची याद आयली रे." शालनने माझ्याकडे पाहिले. मी जनेलाकडे (खिडकीकडे) पाहिले. मला इतकी लाज वाटली की पातोळ्यांसारखे पक्वान्नही (हळदीच्या पानात वाफवलेले गोड) मी त्या रात्री एकच खाल्ले.

इथवर आले होते ते निभावले असते. पण दुसऱ्या दिवशी गावच्या माटोळी स्पर्धेचे परीक्षक आले. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो. हातात वही, गळ्यात दुर्बीण. खुर्चीवर बसून, मान मागे टाकून ते माटोळीतली एकेक वस्तू दुर्बिणीतून पाहायचे आणि नाव लिहायचे. मधोमध आले आणि थांबले. दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिले. मग खुर्चीवरच उभे राहिले आणि नाक वर करून हुंगले.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असं फळ पाहिलं नाही. बाह्यांगावर मऊ काटे, रंग गडद तांबडा, देठ डावीकडे झुकलेला." मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "पक्व झाल्यावर ताज्या पावासारखा गंध."

ते घाईघाईने खाली उतरले. हे झाड कोणत्याही पुस्तकात नसावे. ते पाहायलाच हवे. बी मिळवायला हवे. फळ काढून दाखवा, असे ते म्हणाले, तेव्हा दादा कडाडला, "माटोळीक बांदलेलें विसर्जनामेरेन सोडिनात!" ही त्या घराची रीत. माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच दादा अभिमानाने पुढे म्हणाला, "फळ नाका. झाडच दाखयतलो विश्राम. फाल्यां." (झाडच दाखवील विश्राम. उद्या.) विश्रामच्या तोंडावरचा रंग उडाला.

त्या दिवशी मागीलदारी मी त्याला गाठून म्हटले, "खरं सांगून टाकूया. दोष माझ्यावर घाला." तो म्हणाला, "सांगतां, टीचर. हांवूच सांगतां." पण कधी, ते बोलला नाही.

बुधवारी सकाळी आमची मोहीम निघाली. विश्राम पुढे, मागे दादा, मास्तर, मी आणि शेजारचे पाच जण. एकाने चहाचा थर्मास घेतला होता, एकाने गळ (फळे काढायची आकडी), आणि एकाने शिडी. शिडी कशाला, हे त्याला विचारले तर म्हणाला, झाड मोठे असले तर? डोंगराच्या पायथ्याशी दादा वळला आणि रीतीची आठवण करून दिली. जागा घराची आहे. वाट कोणी पाहायची नाही. सत्र्यो सकल!

पुढचे दृश्य मला जन्मभर विसरता येणार नाही. लख्ख कोरड्या सकाळी आठ माणसे नाकासमोर छत्र्या धरून एकामागोमाग डोंगर चढत होती. काड्या काड्यांत अडकत होत्या. मास्तरांची दुर्बीण शिडीत अडकली आणि दोघे काही अंतर एकत्र चालले. शिडीवाल्याला छत्री आणि शिडी दोन्ही धरता येईनात, तर त्याने डोळे मिटून चालायचे कबूल केले आणि सरळ फणसावर आदळला. विश्राम पुढून सांगत होता, "दावे. आतां उजवे. परत दावे." तासभर आम्ही असे चाललो. मग दादा थांबला.

"विश्राम," तो छत्रीखालून म्हणाला, "ह्या शेणांत माजो पाय आदीं पडलो."

कोणी हसले नाही. थोड्या वेळाने शिडीवालाही म्हणाला की हा फणस आपल्या ओळखीचा आहे. विश्राम गोल गोल फिरवत होता. बाकीच्यांना वाटले, जागेची राखण करतोय. मला माहीत होते की तो धीर गोळा करतोय, आणि तो गोळा होत नाही. आणखी अर्धा तास गेला. पायाखालचे गवत संपले, लालसर भुसभुशीत माती सुरू झाली. विश्रामची पावले थांबली.

"सत्र्यो वयर करात," तो म्हणाला.

आम्ही छत्र्या वर केल्या. समोर झाड नव्हते. समोर डंप होता, खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा डोंगर, तांबडा, उघडा, पावसाने चिरा पडलेला. त्याच्यावर गवताची काडी नव्हती.

"खंय आसा झाड?" दादाने विचारले.

"हांगा," विश्रामने डंपाच्या पोटाकडे बोट दाखवले. "सकल." (इथे. खाली.)

मग तो बोलला. चार दिवसांत मी त्याला इतके बोलताना ऐकले नव्हते. तीन वर्षांमागे, चवथीला आठ दिवस असताना, माती टाकायची जागा पुढे सरकली. त्या दिवशी टिपर मागे घेताना आरशात त्याला झाड दिसले. त्याने ओळखले. मागे टिपरांची रांग लागली होती आणि हॉर्न वाजत होते. उतरून कोणाला सांगणार, की हे माझ्या आज्याचे झाड आहे? जागा सांगायची नाही, अशी तर रीत. "हांवेंच रिकामो केलो टिपर," तो म्हणाला. "आरशांत पळयत आसलों. शेंडो मात्सो हाललो. मागीर दुसऱ्या टिपरान रिकामें केलें. मागीर कांयच दिसूंक ना." (मीच टिपर रिकामा केला. आरशात पाहत होतो. शेंडा जरासा हलला. मग दुसऱ्या टिपरने माती ओतली. मग काहीच दिसेना.)

शेवटी मास्तरांनी वही उघडली, मिटली आणि विचारले, "मग घरचं फळ?"

विश्रामने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "वर्तमानपत्र आहे, सर. आणि मेथीची पूड."

"आणि तो पावाचा वास?"

"पोदेराची भट्टी."

मास्तरांनी माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहिले की माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने नापास झाल्यावर पाहिले नसेल. शिडीवाल्याला मात्र आवरले नाही. तो खिदळला, मग थर्मासवाला, आणि एकदम सगळेच हसत सुटले, मीही, पोट धरून. विश्रामसुद्धा, डोळ्यांतून पाणी काढत. फक्त दादा हसला नाही. तो डंपाकडे पाहत होता.

"भरलेलें आसलें?" त्याने विचारले. (झाड फळांनी भरलेलं होतं?)

हसू थांबले.

"भरलेलें," विश्राम म्हणाला.

दादा खाली बसला. त्या पांढऱ्या धोतरानिशी, लाल मातीत. मग म्हणाला, "तुका टिपराचेर हांवेंच लायलो न्हय रे." (तुला टिपरवर मीच लावला ना रे.) विश्राम दादाशेजारी बसला. आम्ही उरलेल्यांनी चहा प्यायला, कारण थर्मास आणला होता आणि दुसरे काय करावे ते कोणाला कळत नव्हते.

गणपती म्हापशाला न्यायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. कागदी फळ पाचही दिवस गणपतीच्या डोक्यावर राहिले, कारण रीत म्हणजे रीत. विसर्जनाला वाळवंटी नदीवर सगळे पाण्यात गेले, पण ते काही बुडेना. जुझेने फारच चांगले भाजले होते. ते तरंगत पुढे निघाले तेव्हा दादा गुडघाभर पाण्यात उतरला, दोन्ही हातांनी त्याला पाण्याखाली दाबून उभा राहिला. विश्रामने त्याचा दंड धरला होता. तांबडा रंग सुटून पाण्यात पसरला, लगदा सैल झाला, आणि मग दादाने हात वर काढले. ते रिकामे होते. मी वही उघडली नाही.

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदा स्वतःची चित्रे नीट चाळली. दोऱ्या ओढणारे हात होते, पाय होते, करांदे होते. ज्या फळासाठी एवढा उपद्व्याप केला, त्याचे चित्र एकही नव्हते. होते ते सात खोटे भाऊ. झाडे आणि श्रम यांचा अभ्यास करायला मी निघाले, तेव्हा माझ्या मनात खुडणारे हातच होते. गाडणारे हातही तेच असू शकतात, आणि तेही श्रमच, पोटासाठी केलेले, हे मला सुचले नव्हते. हे वर्गात कसे शिकवायचे, मला अजून माहीत नाही. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांनी पोटदुखीची चौकशी केली. मी सांगितले, बरीच आहे.

आठवड्याने विश्रामचा फोन आला. स्पर्धेत मास्तरांनी त्यांच्या माटोळीला दुसरा नंबर दिला होता. वहीत त्या फळापुढे मास्तरांनी नाव लिहिले नाही. फक्त 'होते' असे लिहिले, म्हणे.

शेवटी तो म्हणाला, "दादान सांगलां, फुडल्या वर्सा चवथीक टीचरांक आपय. तोय येवन हांगा रावतलो, माज्यावांगडा रानांत येतलो." (दादा म्हणालाय, पुढच्या वर्षी टीचरांना बोलव. तोही येऊन इथे राहणार, माझ्याबरोबर रानात येणार.)

"येते ना," मी म्हटले. "नक्की येते."

"येयात," विश्राम म्हणाला. "पूण रंग हाडूं नाकात. तो जागो आमी रितोच दवरतले." (या. पण रंग आणू नका. ती जागा आम्ही रिकामीच ठेवणार.)